तुंजाकाठचे रुग्णालय

दुखणाइताला औषध द्यावे, पथ्य सांगावे, हे सर्वांनाच ठाऊक आहे. परंतु त्याला गाणे ऐकवावे, फुले हुंगावयास द्यावी, आणि तेही धर्मादाय खर्चातून, ही कल्पना ओस्मानी सुलतान दुसरा बायझीद याने एदिर्ने येथे तुंजा नदीकाठी दगडात बांधून काढली. १४८४ साली काम सुरू झाले, १४८८ साली पुरे झाले. मधोमध घुमटाखाली षट्कोनी दालन, त्यात कारंजे, भोवती रुग्णांच्या खोल्या आणि वादकांसाठी एक उंचवटा, अशी ही रचना.

सतराव्या शतकात प्रवासी एवलिया चेलेबी तेथे गेला. हा गृहस्थ स्वतः गाणारा. अतिशयोक्तीचा शौकीनही खराच. दहा गायक-वादक आठवड्यातून तीनदा येत, असे तो लिहितो. वसंतात रुग्णांना सुवासिक फुले देत. त्याच वर्णनात वेड्यांच्या गळ्यातील साखळ्याही आहेत! आम्हांस हे विसंगत वाटते, पण त्या काळास वाटत नसावे. आजचे लेखक सूर तेवढे उचलतात आणि साखळ्या गाळतात. तसे करू नये.

हे उपचार केवळ वृद्धांसाठी नव्हते. तो रोख आपल्या काळातला. १९७०च्या दशकात हॉलंडमधील हुलसेगे व फेर्हूल यांनी तीव्र मतिमंदत्व असलेल्यांसाठी मंद प्रकाश, सूर, वास व स्पर्श यांची खोली सजविली. हुंगणे आणि डुलकी घेणे या अर्थांचे दोन डच शब्द जोडून तिचे नाव झाले ‘स्नूझेलन’. पुढे ती स्मृती ढळलेल्या वृद्धांच्या निवासांत शिरली. गुण किती? २००२ सालच्या एका समीक्षेस अशा खोल्यांविषयी पुरेसा पुरावा सापडला नाही. संगीतोपचाराचे पारडे थोडे जड: २०१८ सालच्या समीक्षेप्रमाणे त्याने खिन्नता बहुधा कमी होते, स्मरणशक्ती मात्र परत येत नाही. घरी आजोबा अंथरुणाला खिळले असता हा भेद ध्यानी ठेवावा. आठवण परतेल या आशेने दिवसभर रेडिओ लावून ठेवला, तर ज्याला उठून तो बंद करता येत नाही, त्याचा छळच होतो. त्याच्या तरुणपणचे एखादे पद, हलक्या आवाजात, जवळ बसून ऐकवावे. कपाळाला आठी पडली की थांबावे.

एदिर्नेच्या रुग्णालयाला १८७७-७८च्या रशिया-तुर्कस्तान युद्धानंतर अवकळा आली. १९९७ साली विद्यापीठाने तेथे संग्रहालय उघडले. आता त्या खोल्यांत रुग्णांचे आणि वादकांचे पुतळे बसविलेले आहेत.