हिप्परग्याचे हेडमास्तर

सप्टेंबर लागला की शाळेतून निरोप यायचाच. "गुरुजी, सतराला या, दोन शब्द बोला." मी जायचो. झेंडावंदन झालं की रझाकार, नळदुर्गजवळची चकमक, सरदार पटेल एवढं दहा मिनिटांत उरकायचो आणि चहा पिऊन घरी. निवृत्त मास्तरानं याहून जास्त लुडबूड करू नये, असं माझं मत होतं. सोयाबीनची काळजी आणि दुपारची झोप, एवढ्यात मी सुखी होतो.

मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवी वर्षी मात्र बेंबळीतल्याच एका तरुण शिक्षकानं मला दारात गाठलं. भिंतीवर लावायला त्याला स्वामी रामानंद तीर्थांची माहिती हवी होती. "मोबाइलवर मिळंल की," म्हणालो.

"ती मिळाली गुरुजी. पन पोरं इचारतेत, स्वामी आपल्याकडं कवा आलते का?"

चौतीस वर्षं इतिहास शिकवला, पण हा प्रश्न मला एकाही पोरानं विचारला नव्हता. कारण मीच तो सुचू दिला नव्हता.

स्वामी आपल्याकडं आले होते, आणि पाहुणे म्हणून नव्हे, मास्तर म्हणून. आमच्याच जिल्ह्यात, आता लोहारा तालुक्यात असलेल्या हिप्परग्याला, असहकाराच्या वाऱ्यात १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली होती. निजामाच्या राज्यात सभा घ्यायची तर परवानगी, खाजगी शाळा काढायची तरी परवानगी. वरचं शिक्षण सगळं उर्दूत. अशा मुलखात मराठीतून शिकवणारी ही शाळा म्हणजे एक बंडच. ना. म. जोशींच्या हाताखाली कामगारांत काम करून आलेला व्यंकटेश खेडगीकर नावाचा अविवाहित तरुण तिथं हेडमास्तर झाला. १९३२ साली त्यानं तिथंच संन्यास घेतला आणि स्वामी रामानंद तीर्थ हे नाव धारण केलं. भगवी वस्त्रं अंगावर आली, पण वर्ग काही सुटला नाही. पुढं ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत गेले, १९३८ साली स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उतरले, आणि मग तुरुंग ही त्यांची नेहमीची जागा झाली. पंधरा ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा हैदराबादेत त्यांना पुन्हा पकडलं.

हे सगळं पुस्तकांत आहे, कारण कुणीतरी ते वेळेवर लिहून ठेवलं. अनंत भालेरावांनी 'मराठवाडा' दैनिकात उभी हयात घालवली; 'हैद्राबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हा त्यांचा ग्रंथ आला तेव्हा ते सत्तरीच्या जवळ होते. नरेंद्र चपळगावकर उच्च न्यायालयात न्यायमूर्ती होते. स्वामीजींचं 'कर्मयोगी संन्यासी' हे चरित्र त्यांचं. न्यायासनावरून उतरल्यावरही हैदराबादच्या त्या काळाचा पिच्छा त्यांनी सोडला नाही. स्वामीजींचे शिष्य नरसिंह राव तर १९९१ साली पुस्तकं बांधून हैदराबादला निघालेच होते, तेवढ्यात त्यांना पंतप्रधान व्हावं लागलं. एवढ्या मोठ्या माणसांच्या पंगतीत मी माझं पान मांडत नाही. पण ही मंडळी काही दुपारी झोपली नाहीत, एवढं ध्यानात आलं.

मी दोनशे पानी वही आणली. मोटारसायकलवर आसपासच्या गावांत फिरलो. त्या वेळी सहा-आठ वर्षांची असलेली माणसं आता पंच्याऐंशीच्या घरात. कुणाला कान नव्हते, कुणी सांगता सांगता नातवाच्या नोकरीवर घसरायचं. तरी बरंच हाती लागलं: भिंतीत पुरलेलं धान्य, रातोरात बैलगाड्या जुंपून इंग्रज मुलखात गेलेली बिऱ्हाडं, सरहद्दीवरच्या कॅम्पांतून येणारी पोरं. बार्शीकडचे चिंचोली, गौडगाव हे कॅम्प म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून आहेत.

मग एका घरी चाची भेटल्या. लग्न होऊन बेंबळीत आलेल्या, माहेर दुसरीकडचं. मी रझाकारांचं विचारलं. त्या म्हणाल्या, "ते लिवताव, लिवा की. वाईटच हुते ते. पन मास्तर, मिल्ट्री आल्यावर काय झालं, तेबी लिवताव का?"

मी पेन बंद केलं. खरं सांगतो, भ्यालो.

मला ठाऊक होतं. तेरा ते सतरा सप्टेंबर १९४८ ही पोलिस ॲक्शन. त्यानंतर निष्पाप मुसलमानांच्या कत्तली झाल्या. पंडित सुंदरलाल समितीनं सर्वांत जास्त झळ बसलेले म्हणून जे चार जिल्हे सांगितले, त्यांत आमचा उस्मानाबाद आहे. मेलेल्यांचा त्यांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार. तो अहवाल कित्येक वर्षं दडून राहिला. मी मात्र वर्गात दर साली सतरा सप्टेंबरला, निजाम शरण आला इथं, खडू खाली ठेवत होतो. वर्गातल्या तीन-चार बाकांवर चाचींसारख्यांचीच नातवंडं बसलेली असायची.

स्वामीजींचं नाव घेऊन आता गावोगाव हिंदू विरुद्ध मुसलमान अशी भाषणं होतात. त्यांचा झगडा एका राजवटीशी होता. विलीनीकरणाच्या बाजूनं लिहितो म्हणून रझाकारांनी ऑगस्ट १९४८ मध्ये मारला तो 'इमरोज'चा संपादक शोएब उल्लाखान मुसलमानच होता. हे सांगायचं आणि सप्टेंबर गाळायचा, तर स्वामीजींना आपण फक्त फोटोपुरतं ठेवलं असं होतं.

तरुण शिक्षकाला म्हणालो, भिंतीवर हिप्परग्याची शाळा येईल, शोएब उल्लाखान येईल आणि सुंदरलाल समितीही येईल. तो जरा गप्प झाला. "वरून कुनी काय म्हनलं तर?"

"माझं नाव सांग. माझी पेन्शन चालू झालीय."

सोळाला संध्याकाळी चाचींकडं गेलो आणि त्यांचं पान वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"गावाचं नाव न्हाई घातलं?"

"तुम्हीच नको म्हणालात, चाची."

खूप वेळ त्या पदराशी चाळा करत बसल्या. आतून नातसुनेनं चहा आणला, तो निवला.

"घाला," म्हणाल्या. "अब्बाचंबी घाला."

मी वही मांडीवर घेतली.