गंडमचे मॉडेल : ३०० येनच्या संचापासून पुढे

'मोबाइल सूट गंडम' ही जपानी कार्टून मालिका ७ एप्रिल १९७९ रोजी नागोयाच्या दूरचित्रवाणी केंद्रावरून सुरू झाली. योशियुकी तोमिनो यांचे दिग्दर्शन आणि कुनिओ ओकावारा यांनी रेखाटलेली यंत्रे असूनही प्रेक्षकसंख्या बेताची राहिली. ठरलेल्या ५२ भागांऐवजी ४३ भागांतच, जानेवारी १९८० मध्ये, ती आटोपती घेतली गेली. तिच्यातील पांढऱ्या यंत्रमानवाचा प्लास्टिकचा संच बांदाई कंपनीने जुलै १९८० मध्ये, म्हणजे मालिका संपल्यावर, बाजारात आणला. पुनःप्रसारण आणि १९८१-८२ मधील तीन चित्रपटांमुळे मालिकेला खरा प्रेक्षक मिळाला आणि संचांसाठी दुकानांपुढे रांगा लागल्या. जानेवारी १९८२ मध्ये चिबा प्रांतातील एका दुकानाच्या सरकत्या जिन्यावर अशाच गर्दीत मुले पडून जखमी झाली.

कथेतील गंडम १८ मीटर उंच आहे. १/१४४ प्रमाणात तो साडेबारा सेंटिमीटरचा होतो, आणि पहिल्या संचाची किंमत होती ३०० येन. शाळकरी मुलाला खाऊच्या पैशांत तो घेता येई. खोक्यात मिळत ते एकाच पांढऱ्या प्लास्टिकचे सुटे भाग. ते चिकटवायचे, सांध्यांच्या रेषा घासून काढायच्या आणि निळा, लाल, पिवळा रंग स्वतः द्यायचा. कमरेचे कवच एकसंध असल्याने पाय फारसे हलत नसत. गुडघा टेकवणे तर अशक्यच. तरीही पूर्ण झालेल्या मॉडेलवर बनवणाऱ्याच्या हाताची छाप स्पष्ट उमटे. म्हणूनच मुलांनी ही मॉडेले कापली, जोडली, त्यांची प्रमाणे बदलली. पुढच्या सगळ्या सुधारणांची मागणी या हौशी प्रयोगांतूनच तयार झाली.

ती पुरी करण्याचे काम मुख्यतः शिझुओकात झाले. तामियासारख्या कंपन्यांमुळे हे शहर प्लास्टिक मॉडेलांचे माहेरघर मानले जाते, आणि बांदाईचा कारखानाही तेथेच आहे. ऐंशीच्या दशकात चिकटवण्याची गरज संपून भाग एकमेकांत दाबून बसू लागले आणि सांध्यांत मऊ प्लास्टिकच्या टोप्या आल्या. १९९० च्या 'हाय ग्रेड' संचात सुटे भाग ज्यात जोडून येतात त्या एकाच चौकटीत अनेक रंगांचे प्लास्टिक ओतलेले होते, त्यामुळे रंगकामाशिवायही मॉडेल रंगीत दिसे. १९९५ मध्ये १/१०० प्रमाणातील 'मास्टर ग्रेड' आणि १९९८ मध्ये १/६० चा 'परफेक्ट ग्रेड' आला. २०१० च्या 'रिअल ग्रेड'मध्ये तर हलता सांगाडा साच्यातूनच जुळून येई. तो चौकटीतून कापून काढला की गुडघा वाकवता येत असे. टेबलावरचे बरेचसे कौशल्य अशा रीतीने साचा बनवणाऱ्या कारागिराकडे गेले.

मात्र 'नवे' म्हणजे प्रत्येक वेळी अधिक बारकावे, असे घडले नाही. मास्टर ग्रेडच्या २००८ मधील दुसऱ्या आवृत्तीने कार्टूनमधला साधा, गोलसर गंडम परत आणला. २०१३ च्या तिसऱ्या आवृत्तीवर पत्र्यांच्या जोडरेषांची दाटी आहे, कारण तिच्यामागे २००९ मध्ये तोक्योच्या ओदाइबा भागात उभारलेल्या १८ मीटर उंच पुतळ्याचे रूप होते. या दोन आवृत्त्या शेजारी ठेवल्या तर २००८ ची पडद्यावरच्या चित्राशी इमान राखते आणि २०१३ ची असे यंत्र खरोखर असते तर कसे दिसले असते याचा शोध घेते. दोन्ही भूमिका रास्त आहेत.

२०२० च्या 'एंट्री ग्रेड'ने नवख्यांचा विचार पुन्हा केंद्रस्थानी आणला. त्याचे भाग हातानेच सुटतात; कटर लागत नाही, चिकटद्रव लागत नाही, आणि हालचाल १९८० च्या संचापेक्षा कितीतरी मोकळी आहे. २०२४ मध्ये 'रिअल ग्रेड'चीही दुसरी आवृत्ती आली. याच काळात बांदाईने पहिल्या संचाचीही सुधारित आवृत्ती काढली : तोच ठेंगणा, ताठ बांधा, पण रंगीत प्लास्टिकचा आणि दाबून बसवण्याचा. मूळ १९८० च्या साच्याचे मॉडेलही अधूनमधून दुकानांत येते. ते घेणाऱ्याला आजही पांढरे भाग, चिकटद्रव आणि रंगाचा ब्रश यांच्यापासूनच सुरुवात करावी लागते.