कृत्रिम सांध्यातील जंतुसंसर्ग कसा ओळखतात?

गुडघा किंवा खुबा बदलल्यानंतर काही आठवड्यांनी, कधी काही वर्षांनीही, सांधा पुन्हा दुखू लागला, सुजला किंवा जखमेतून पाणी येऊ लागले, तर जंतुसंसर्गाची शंका घ्यावी लागते. अशा वेळी घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या स्वतःहून सुरू करू नका. त्यांनी दुखणे तात्पुरते कमी होईल, पण तपासणीत जंतू सापडणे कठीण होईल आणि योग्य औषध निवडता येणार नाही.

रक्ताची तपासणी
सुरुवातीला सीआरपी आणि ईएसआर तपासतात. शरीरात दाह असला की दोन्ही वाढतात. मात्र आमवातात आणि शस्त्रक्रियेनंतरचे काही आठवडेही त्या वाढलेल्या असतात. उलट, रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून संसर्ग नाहीच, असेही म्हणता येत नाही.

सांध्यातील पाणी
निर्जंतुक सुईने सांध्यातील पाणी काढून त्यातील पांढऱ्या पेशी मोजतात. शस्त्रक्रियेला तीन महिने उलटून गेल्यावर एका मायक्रोलिटरमध्ये ३,००० हून अधिक पेशी आढळल्या, तर संसर्गाची शंका बळावते.

कल्चर
याच पाण्यातील जंतू प्रयोगशाळेत वाढवतात. कोणता जंतू आहे आणि त्यावर कोणते औषध चालेल, हे त्यातून कळते. काही जंतू फार सावकाश वाढतात, म्हणून नमुना १४ दिवसांपर्यंत ठेवावा लागतो. रिपोर्टला उशीर झाला तर घाबरू नका.

शस्त्रक्रियेच्या वेळचे नमुने
पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, तर सांध्याभोवतीच्या वेगवेगळ्या जागांहून साधारण पाच तुकडे तपासणीला पाठवतात. एकाच तुकड्यात सापडलेला जंतू त्वचेवरून आलेला असू शकतो. दोन किंवा अधिक तुकड्यांत तोच जंतू सापडला, तर निदान पक्के होते. जंतू इम्प्लांटवर चिकट थर करून लपतात. काही ठिकाणी काढलेले इम्प्लांट द्रवात ठेवून ध्वनिलहरींनी हा थर सुटा करतात आणि त्या द्रवाचे कल्चर करतात. याला सोनिकेशन म्हणतात.

तुम्ही काय कराल?
गेल्या महिन्याभरात घेतलेल्या सर्व अँटिबायोटिकची नावे आणि तारखा डॉक्टरांना सांगा. प्रकृती स्थिर असेल, तर नमुना घेण्याआधी साधारण दोन आठवडे ती थांबवायला ते सांगू शकतात. पण स्वतःच्या मनाने थांबवू नका. थंडी वाजून ताप, खूप अशक्तपणा किंवा भ्रम जाणवला, तर मात्र न थांबता तातडीने रुग्णालयात जा.