भाड्याचे भय : सातारा-सांगली परिसरातील घरगुती भयपटदर्शनाचा एक विचार

इ. स. १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने भारतात रंगीत दूरचित्रवाणी सुरू झाली आणि त्यापाठोपाठ व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर हे यंत्र मोठ्या शहरांतून तालुक्याच्या गावांपर्यंत पोचले. सातारा, कराड, सांगली, मिरज या गावांत व्हिडिओ लायब्ऱ्या निघाल्या. यंत्र विकत घेणे फार थोड्यांना शक्य होते. म्हणून ते रंगीत संचासह एका रात्रीपुरते भाड्याने आणावयाचे, आळीतील चार-सहा घरांनी वर्गणी काढावयाची, आणि भाडे पुरेपूर वसूल व्हावे म्हणून पहाटेपर्यंत ओळीने तीन-चार चित्रपट पाहावयाचे, अशी रीत पडली. मुंबई दूरदर्शन शनिवारी मराठी व रविवारी हिंदी चित्रपट दाखवीत असल्याने आठवड्याचे अखेरचे दोन दिवस चित्रपटाचे, ही सवय लोकांना आधीच लागली होती. व्हिडिओने तिला रात्र जोडून दिली. या रात्रीच्या यादीत एक तरी भुताचा चित्रपट असे. तो बहुधा शेवटी लावीत. लहान मुले तोवर झोपी जातील, अशी वडीलधाऱ्यांची अपेक्षा असे. मुले अर्थातच झोपत नसत.

हे चित्रपट प्रामुख्याने रामसे बंधूंचे. फाळणीनंतर कराचीहून मुंबईस आलेल्या फतेहचंद रामसे यांच्या सात मुलांनी चित्रपटनिर्मितीची सर्व अंगे आपसांत वाटून घेतली होती. कोणी लेखन करी, कोणी छायाचित्रण, कोणी ध्वनिमुद्रण, कोणी संकलन. दिग्दर्शन तुलसी व श्याम यांच्याकडे. त्यांचा ‘दो गज ज़मीन के नीचे’ हा चित्रपट १९७२ साली प्रदर्शित झाला. त्याचे चित्रीकरण सातारा जिल्ह्यातच, महाबळेश्वर येथे झाले होते. सारे कुटुंब व मोजके सहकारी बसने गेले, शासकीय विश्रामगृहात उतरले आणि सुमारे चाळीस दिवसांत काम उरकून परतले, असे रामसे कुटुंबीयांनी पुढे मुलाखतींतून सांगितले आहे. महाबळेश्वरची निवड येथे महत्त्वाची आहे. धुके, झाडी आणि इंग्रजी अमदानीतील जुने बंगले यांवर निर्मात्याला एक पैसाही खर्चावा लागत नाही. १८२८ च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी सातारच्या प्रतापसिंह महाराजांकडून हे ठिकाण मिळवून ज्या आरोग्यस्थानाची उभारणी केली, ते दीडशे वर्षांनी स्वस्त भयाचे आयते नेपथ्य झाले.

स्वस्त साधनांतून भय निर्माण करण्याची कला या प्रदेशास नवी नव्हती. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगली येथे चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेथून मराठी नाटकाचा आरंभ मानतात. या परंपरेतील पौराणिक नाटकांना पुढे ‘अललडुर्रची नाटके’ असे काहीशा उपहासाने म्हटले गेले. हे नाव आले राक्षसाच्या आरोळीवरून. रंगविलेला चेहरा, पडद्यामागची किंकाळी, मशालीवर उधळलेली राळ आणि क्षणभर उसळलेला भडका, एवढ्या भांडवलावर राक्षसाचा प्रवेश उभा राही. नाट्येतिहासकारांनी या राक्षसाकडे कच्च्या अवस्थेचे लक्षण म्हणून पाहिले; प्रेक्षक मात्र त्याची वाट पाहत असे. रबरी मुखवटा, हिरवा-तांबडा प्रकाश व कानठळ्या बसविणारे पार्श्वसंगीत यांवर चालणारा रामसे यांचा सामरी हा त्याच कुळातला म्हटला पाहिजे. दोघांचे परस्परांशी नाते होते असा दावा येथे करावयाचा नाही. पैसा थोडा असला की भयाची सामग्री सारखीच ठरते, एवढेच त्यावरून दिसते.

सामरी हे पात्र ‘पुराना मंदिर’ या १९८४ च्या अतिशय यशस्वी चित्रपटातले. रामसे यांच्या बहुतेक भयपटांप्रमाणे त्यालाही केवळ प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र होते. चित्रपटगृहाच्या दारावर हे प्रमाणपत्र काही अंशी तरी लागू पडे. घरात ते कोण लागू करणार? १९८४ मध्येच प्रतिस्वामित्वाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन व्हिडिओ कॅसेटवर प्रमाणपत्राची प्रत व निर्मात्याचे नाव-पत्ता देणे बंधनकारक झाले. हेतू चोरट्या प्रतींना आळा घालण्याचा होता. तथापि भाड्याने फिरणाऱ्या कॅसेटी पुष्कळदा नकलेच्याही नकला असत, आणि कोणी काय पाहावे हे ठरविण्याचा अधिकार प्रत्यक्षात शासनाकडून घरातील वडीलधाऱ्यांकडे गेला. त्यांनी तो फारशा कठोरपणे वापरला नाही. एकाच सतरंजीवर आजी, सुना, शाळकरी मुले आणि शेजारी बसलेले असत. जाता जाता एक गोष्ट नोंदण्यासारखी आहे : वारंवार नक्कल केल्याने चित्र इतके काळवंडे की मुखवट्याचे रबर दिसेनासे होई. चोरट्या व्यापाराने निर्मात्याचा पैसा बुडविला, पण त्याच्या राक्षसाची अब्रू मात्र राखली.

घरगुती भयपटाचे खरे वैशिष्ट्य त्या यंत्राच्या कळांत आहे. भाव्यांच्या राक्षसाला प्रेक्षक थांबवू शकत नसे. चित्रपटगृहातील चित्रही कोणाच्या सांगण्यावरून मागे फिरत नसे. व्हिडिओवर मात्र किंकाळीचा प्रसंग पुन्हा पाहता येई, थांबविता येई, पुढे पळविता येई. तिसऱ्यांदा पाहिलेल्या राक्षसाचे हसू येऊ लागते. भयाचे हे हसण्यात होणारे रूपांतर निर्मात्यांच्याही ध्यानी आले असावे. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ (१९९३) या चित्रपटात अमेरिकन ‘चाइल्ड्स प्ले’ची कल्पना घेऊन रामदास पाध्ये यांनी घडविलेला तात्या विंचू हा बाहुला उभा केला गेला, आणि तो लहान-थोरांनी एकत्र बसून भ्यावे व हसावे अशाच बेताने. त्याच वर्षी झी वाहिनीवर रामसे यांची भयमालिका सुरू झाली. आता भूत ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी येऊ लागले.

या लाभाबरोबर एक हानीही झाली. मराठी लोकसमजुतीतील भूत हे स्थलबद्ध असते. मुंज्या पिंपळावर, हडळ विहिरीपाशी, वेताळ गावाच्या शिवेवर. प्रत्येकाची जात निराळी, ठिकाण निराळे आणि उताराही निराळा. दहीभात कोठे ठेवावयाचा हे ज्याला माहीत असे त्याला गावाची सीमाही माहीत असे. किंबहुना ही भुतावळ म्हणजे गावाचा एक अलिखित नकाशाच होता. चित्रपटातल्या सामरीला असे गाव नाही. त्याला ठाकुराची हवेली पुरते, आणि ती हवेली कृष्णाकाठची नव्हे. ज्या सतरंजीवर आजी पूर्वी ओढ्यावरच्या चकव्याची गोष्ट सांगे, तेथेच बसून नातवंडांनी सामरी पाहिला. चकव्यावरचा विश्वास गेला याची खंत करण्याचे कारण नाही. त्याबरोबर ओढ्याचा तो वळसाही स्मरणातून गेला, याची दखल मात्र इतिहासाने घ्यावयास हवी.

विश्वासाच्या प्रश्नावर याच जिल्ह्यातून निराळे काम चालले होते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली, आणि तिच्या कार्याचे केंद्र सातारा हे होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुणे येथे त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात आला. भूत उतरविण्याच्या मिषाने एखाद्यास मारहाण करणे हा त्यात गुन्हा आहे. भुताचा चित्रपट पाहणे हा नाही. हा भेद वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु मांत्रिकापुढे बसविलेल्या बाईच्या हाती भय थांबविण्याची कळ नसते, तिच्या भयावर दुसऱ्याचा ताबा असतो. सतरंजीवर बसलेल्या प्रेक्षकाने मात्र आपले भय वर्गणी देऊन एका रात्रीपुरते आणलेले असे, आणि सकाळी यंत्र व कॅसेटी मोजून दुकानात परत करावयाच्या असत.