ट्रॉम्बेचा उडीद

४ ऑगस्ट १९५६ ला ट्रॉम्बेच्या 'अप्सरा' अणुभट्टीत साखळी प्रक्रिया सुरू झाली, तेव्हा आमचं राजेश्वर गाव हैदराबाद राज्यातल्या बिदर जिल्ह्यात होतं. तीन महिने व्हायच्या आत बिदर जिल्ह्याची फाळणी झाली: उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, आम्ही म्हैसूरला. त्याही आधी, १० ऑगस्ट १९४८ ला अणुऊर्जा आयोग स्थापन झाला, तेव्हा तर इथे निजामाचाच अंमल होता आणि रझाकारांच्या धास्तीनं माणसं रात्री जागून काढत होती.

वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात अणुऊर्जेचं दालन पाहताना हे सगळं माझ्या डोक्यात होतं. सोबत मुंबईची भाची होती. तिला अप्सरेबद्दल मी भरभरून सांगितलं. पाण्याच्या खोल हौदात बसवलेली एक मेगावॉटची ही भट्टी आपल्या अभियंत्यांनी बांधली. इंधन मात्र ब्रिटनहून आलं. भट्टी चालू असली की त्या पाण्यात निळा उजेड दिसायचा आणि तो पाहून नेहरूंनी तिला अप्सरा हे नाव दिलं. दालनाचा भर विजेवर आहे आणि ते रास्तच. तारापूरची वीज १९६९ पासून मिळते आहे, आणि आमच्याच राज्यातल्या कैगाची पहिली भट्टी २०१८ अखेर सलग ९६२ दिवस चालून जागतिक विक्रम करून गेली.

पण आमच्या घरात अणुसंशोधन आलं ते तारेतून नव्हे, पेरणीच्या पाभरीतून, उडदाच्या रूपानं.

"आत्या, उडदाचा आणि अणूचा काय संबंध?" भाचीनं विचारलं. ही गोष्ट मला मनापासून महत्त्वाची वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगते. १९२७ मध्ये हर्मन मुलर यांनी क्ष-किरणांनी फळमाशीच्या आनुवंशिक गुणांत बदल घडवून दाखवले. पुढच्याच वर्षी स्टॅडलर यांनी सातूवर तेच सिद्ध केलं. ट्रॉम्बेत आधी भुईमूग घेतला गेला. 'स्पॅनिश इम्प्रूव्हड' या वाणाच्या बियांना क्ष-किरण दिले आणि त्यातून मोठ्या दाण्याचा टीजी-१ निघाला. तो १९७३ मध्ये शेतकऱ्यांपर्यंत पोचला. किरण दिल्यावर बी किरणोत्सारी होत नाही, त्याच्या आनुवंशिक रचनेत बदल होतात. बरीचशी रोपं खुरटतात किंवा मरतात. उरलेली पुन्हा पेरायची, पुढच्या पिढीत एकेक झाड डोळ्यांखालून घालायचं, हजारोंतून एखादं ठेवायचं. यंत्राचं काम थोड्या वेळाचं, माणसाचं काम वर्षानुवर्षांचं. या चिकाटीला मी भट्टी बांधण्याइतकाच मान देते.

उडदात 'नंबर ५५' या वाणापासून विकिरणानं यूएम-१९६ हा गडद पानांचा प्रकार मिळाला. त्याचा संकर बरेलीकडच्या स्थानिक उडदातून निवडलेल्या टी-९ शी केला आणि भाभा अणुसंशोधन केंद्र व अकोल्याचं पंजाबराव कृषी विद्यापीठ यांनी मिळून टीएयू-१ आणला. १९८५ मध्ये तो महाराष्ट्रासाठी प्रसारित झाला. सत्तर-पंचाहत्तर दिवसांत काढणीला येणारा, टपोऱ्या दाण्याचा. राज्यांची सीमा बियाण्याला कुठली अडवणार? माझ्या वडिलांनी त्याची पहिली पिशवी उमरग्याहून आणली. मृगात पेरलं की पोळ्याच्या सुमारास शेंगा काळ्या पडायच्या आणि रब्बीच्या ज्वारीला रान मोकळं व्हायचं. आमच्या कोरडवाहू जमिनीत एका वर्षात दोन पिकं बसली ती या थोड्या दिवसांच्या उडदामुळे.

आजीनं मात्र पहिल्या वर्षी तो घरात खायला नको म्हटलं होतं; बॉम्बच्या कारखान्यातलं बी आहे असं तिनं ऐकलं होतं. वडिलांनी आधी स्वतः घुटं आणि भाकरी खाऊन दाखवली. दुसऱ्या वर्षी तिनंच त्याचे पापड लाटले.

या वाणाची उणीवही आहे. पिवळा मोझॅक त्याला झोडपतो, म्हणून आता आमच्या जिल्ह्यात धारवाडच्या डीबीजीव्ही-५ चा प्रसार चालू आहे. तोही चांगला आहे, आम्ही पेरतो.

तरी वरळीच्या त्या दालनात, भट्ट्यांच्या प्रतिकृतींशेजारी, चार काचेच्या वाट्या असायला हव्यात असं मी भाचीला म्हटलं: नंबर ५५, यूएम-१९६, टी-९ आणि टीएयू-१. शाळेची मुलं येतात, त्यांना दाणे हातात घेऊन पाहता यावेत. चौथ्या वाटीसाठी बी मी राजेश्वरहून पाठवीन.