पंधरांपैकीं नऊ

शेरलॉक होम्सच्या चातुर्यकथा आपणांपैकीं पुष्कळांनीं वाचल्या असतील. त्या कथांचे कर्ते सर आर्थर कॉनन डॉइल यांनीं एका खऱ्याखुऱ्या कैद्यासाठीं अनेक वर्षें झगडा केला, ही गोष्ट मात्र तितकीशी सर्वश्रुत नाहीं. त्या कैद्याचें नांव ऑस्कर स्लेटर. ज्यूरीचा निर्णय, संशय आणि फांशी यांचा परस्परसंबंध त्याच्या खटल्यांत फार स्पष्ट दिसतो, म्हणून ती हकीकत आज आपल्यापुढें ठेवीत आहें.

ता. २१ डिसेंबर १९०८ रोजीं संध्याकाळीं ग्लासगो शहरांत मॅरियन गिलख्रिस्ट या ८२ वर्षांच्या धनिक बाईंचा राहत्या घरीं खून झाला. मोलकरीण वर्तमानपत्र आणावयास गेली होती. ती दहाएक मिनिटांत परतली, तों आवाज ऐकून खालचा शेजारी दाराशीं आलेला. त्या दोघांच्या देखत एक मनुष्य घरांतून शांतपणें बाहेर पडला व निघून गेला. आंत बाईंचें प्रेत होतें, आणि हिऱ्यांचें एक ब्रूच नाहींसें झालें होतें.

स्लेटर हा जर्मनींत जन्मलेला ज्यू, जुगारावर व जवाहिराच्या उलाढालींवर पोट भरणारा. त्यानें एक ब्रूच गहाण टाकलें होतें, आणि खुनानंतर चारच दिवसांनीं तो अमेरिकेस जाण्यासाठीं शहर सोडून गेला. पोलिसांचा संशय बळावला. लवकरच असें आढळलें कीं, तें ब्रूच वेगळेंच असून खुनापूर्वीं महिनाभर गहाण पडलेलें होतें. ज्या धाग्यानें पोलीस त्याच्यापर्यंत पोहोंचले तो धागाच असा तुटला; परंतु पाठलाग थांबला नाहीं. साक्षीदारांना ओळख पटविण्यासाठीं न्यूयॉर्कला नेलें, आणि त्यांपैकीं कांहींना त्याचें छायाचित्र आधींच दाखविलें. स्लेटर मात्र आपण होऊन खटल्यासाठीं परत आला.

मे १९०९ मध्यें एडिंबरो येथें लॉर्ड गथ्री यांच्यापुढें चार दिवस खटला चालला. स्कॉटलंडांत ज्यूरी १५ जणांची असे व साधें बहुमत निर्णयास पुरत असे. दोषी व निर्दोषी यांखेरीज ‘शाबीत नाहीं’ असाहि तिसरा निर्णय देतां येई. नऊ जणांनीं दोषी म्हटलें, पांच जणांनीं ‘शाबीत नाहीं’ म्हटलें, एकानें निर्दोषी म्हटलें. ता. २७ मे ही फांशीची तारीख ठरली.

वाजवी संशय उरल्यास आरोपीस त्याचा फायदा द्यावा, असें कायदा सांगतो. येथें तोच पुरावा ऐकून सहा जणांची खात्री पटली नाहीं. तरी मतें मोजतांच त्यांचा संशय हिशेबांतून गळाला. बहुमताच्या पद्धतीलाहि आधार आहे: एका हट्टी मनुष्यानें न्याय अडवून धरूं नये. पण बहुमतानें मनुष्य दोषी ठरतो, सहा जणांच्या शंकेचें उत्तर मिळत नाहीं.

शहरांत मतभेद उसळला. वीस हजारांहून अधिक लोकांनीं दयेच्या अर्जावर सह्या केल्या. ता. २५ मे रोजीं, म्हणजे फांशीच्या अवघे दोन दिवस आधीं, शिक्षा जन्मठेपेवर आली. हा निर्णय कोणत्याच पक्षास पटण्याजोगा नव्हता. दोषी असेल तर दया कां, आणि निर्दोषी असेल तर तुरुंग कां?

डॉइल यांनीं १९१२ सालीं या खटल्यावर पुस्तिका लिहिली. १९१४ सालीं ट्रेंच नांवाच्या पोलीस अधिकाऱ्यानें तपासांतील दोष उघड केले. चौकशी बंद दाराआड झाली, निकाल कायम राहिला, आणि नोकरी गेली ती ट्रेंचचीच! अखेर १९२७ च्या नोव्हेंबरांत, साडेअठरा वर्षांनीं, स्लेटर सुटला. स्कॉटलंडांत फौजदारी अपिलाचें कोर्ट १९२६ सालीं स्थापन झालें होतें. त्यापुढें इतका जुना खटला आणतां यावा म्हणून खास कायदा करावा लागला. ता. २० जुलै १९२८ रोजीं निकाल रद्द झाला.

त्याचें कारण ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. अपील कोर्टानें ‘हा मनुष्य निर्दोषी आहे’ असें म्हटलें नाहीं. स्लेटरसारख्या चालीच्या मनुष्यास निर्दोषित्वाच्या गृहीताचा सामान्य लाभ मिळत नाहीं, असें गथ्री यांनीं ज्यूरीस सांगितलें होतें, व तेंच चुकीचें ठरलें. चारित्र्याविषयींचा तिटकारा पुराव्याच्या जागीं बसला होता. स्लेटरला ६,००० पौंड मिळाले. १९४८ सालीं तो वारला. खरा खुनी कोण, हें कधींच सिद्ध झालें नाहीं.

ब्रिटनमध्यें खुनासाठीं फांशी १९६५ सालीं स्थगित झाली व १९६९ सालीं कायमची गेली. फांशी असावी कीं नसावी, याविषयीं आपलें मत कांहींहि असो. स्लेटरच्या खटल्यांत एक गोष्ट निर्विवाद आहे. न्यायाधीशाची चूक मान्य होण्यास एकोणीस वर्षें लागलीं, आणि फांशीची तारीख अवघ्या दोन दिवसांवर आली होती. ते दोन दिवस टळले नसते, तर १९२८ चा निकाल ऐकावयास स्लेटर उरला नसता.