चंद्राची वही

गावगाड्यात तिथी सांगण्याचे काम जोश्याकडे असे. आज तिथी कोणती, अमावास्या केव्हा लागते, पेरणीला आणि लग्नाला दिवस कोणता धरावा, हे त्याने पंचांग पाहून सांगावे आणि सुगीला आपले बलुते न्यावे, अशी वहिवाट होती. कुणब्याला चंद्र दिसत नव्हता असे मुळीच नाही. अमावास्येला औत जुंपायचे नाही, त्या दिवशी बैलाला विसावा द्यायचा, हा नियम तो पाळीत असे. रात्री राखणीला निघताना चांदणे कुठवर पुरेल, याचाही त्याला अदमास असे. पण त्याचे हे ज्ञान कोठे लिहिलेले नव्हते, आणि म्हणून वाद पडला की त्याच्या शब्दाला वजन नसे.

पुढे हा कुणबी गिरणीत गेला. भोर-वेल्ह्याच्या डोंगरांतून कितीतरी माणसे पोटासाठी पुण्या-मुंबईस गेली. तेथे चंद्राच्या जागी भोंगा आला. अमावास्येचा विसावा गावी राहिला, आणि आठवड्याची सुट्टी अजून मिळायची होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली, सभा भरविल्या, अर्ज पाठविले. तेव्हा कोठे १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी पदरात पडली. आम्ही चळवळीतली माणसे या इतिहासाकडे पाहतो तेव्हा एक गोष्ट ठळक दिसते. काळाची नोंद ज्याच्या वहीत असते, त्याचेच म्हणणे खरे धरले जाते. म्हणून मुलांना चंद्र कसा शिकवावा, हा प्रश्न आम्हांस केवळ शाळामास्तरांचा वाटत नाही.

पंचांग छापलेले आहे म्हणून ते बरोबर असलेच पाहिजे असे नाही, हे महाराष्ट्राला पटण्यास फार दिवस लागले. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० साली ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ रचला. गणित सोपे, कामाला सुटसुटीत. त्यामुळे शेकडो वर्षे पंचांगे त्यावरूनच होत राहिली. परंतु रोज एखादा क्षण मागे पडणारे घड्याळ जसे वर्षाअखेर बरेच चुकते, तसे या गणिताचे झाले. पंचांगातले ग्रह एकीकडे आणि आकाशातले दुसरीकडे, अशी स्थिती आली. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली, आणि शके १७८७ म्हणजे १८६५ पासून त्यांच्या गणिताचे पटवर्धनी पंचांग निघू लागले. लोकमान्य टिळक हे केरोपंतांचे विद्यार्थी. टिळकांनी हा प्रश्न हाती घेतला, आणि १९०४ साली मुंबईस पंचांगशोधनासाठी संमेलन भरले.

या वादात एक शब्द पुन्हा पुन्हा येतो, तो ‘दृक्प्रत्यय’. गणिताने चंद्र जेथे येतो असे निघाले, तेथे तो डोळ्यांना दिसला पाहिजे. न दिसला तर दोष गणिताकडे, आकाशाकडे नाही. एवढा साधा अर्थ. पण तो मान्य करायचा म्हणजे परंपरेपेक्षा डोळ्यांना मोठे मानायचे, आणि तेथेच गाडी अडत होती.

हे डोळे सामान्य माणसाला देण्याचे काम एका शाळामास्तराने केले. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे दापोलीजवळच्या मुरूडचे, १८५३ सालचा जन्म. मॅट्रिकपुढे महाविद्यालयाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. मास्तरकी करीत त्यांनी अभ्यास केला आणि १८९६ साली भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहिला. आजही या विषयाच्या अभ्यासकाला त्या ग्रंथाला वळसा घालून जाता येत नाही. त्यांचे दुसरे पुस्तक ‘ज्योतिर्विलास’. त्याचे जोडनाव ‘रात्रीची दोन घटका मौज’. हे नाव आम्हांस फार आवडते. ज्या माणसाचा दिवस दुसऱ्याच्या मालकीचा असतो, त्यालाही रात्रीच्या दोन घटका आपल्या म्हणता येतात. १८९८ साली, पंचेचाळिशीच्या आतच, दीक्षित वारले.

दीक्षितांचे हे काम आपल्या शाळांतून पुढे चालवायचे, तर सामग्री काय लागते? एक वही, एक पेन्सिल आणि बाहेर पडण्याची सवय. पानावर महिन्याचे तीस चौकोन आखावेत. प्रत्येकात तारीख, वेळ, चंद्र कोणत्या दिशेला आणि कशावर दिसला, त्याचा आकार, एवढेच लिहावे. ‘वडावर’, ‘देवळाच्या कळसाच्या डावीकडे’, असे लिहिले तरी चालेल. वेल्ह्याच्या वाड्यांत बिबट्याचे भय असते, मुलांना रात्री बाहेर काढणे बरे नाही, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. पण शुद्ध पक्षात चंद्र संध्याकाळीच अंगणातून दिसतो, आणि वद्य पक्षात सकाळी शाळेला जाताना दिसतो. चंद्र दिवसाही दिसतो, ही वहीतली पहिली नवलाई असते.

दुसरी गोष्ट थोड्या दिवसांनी ध्यानात येते. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, आणि एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत साडेएकोणतीस दिवस लागतात. या दिवसांत तिथी मात्र तीस बसवाव्या लागतात. त्यातून चंद्राची चाल कमीजास्त, म्हणून एखादी तिथी २० तासांची तर एखादी २६ तासांहून मोठी होते. पंचांगातला क्षय आणि वृद्धी यांचे कोडे येथे सुटते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीने होतात, अशी समजूत शिकलेल्या माणसांतही आढळते. वही ती मोडून काढते. शुद्ध अष्टमीला सूर्य मावळतीला असतो आणि अर्धा चंद्र जवळजवळ डोक्यावर. पृथ्वीची सावली तर सूर्याच्या विरुद्ध बाजूला, पूर्वेकडे पडणार. ती चंद्रावर पोहोचेल कशी? मग वद्य अष्टमीच्या सकाळी मुलांनी चुना लावलेला मातीचा गोळा उन्हात चंद्राच्या दिशेने धरावा. गोळ्याचा उजळ भाग आणि चंद्राचा उजळ भाग सारखाच दिसतो. यानंतर शिक्षकाला फारसे सांगावे लागत नाही. गॅलिलिओने १६०९ साली चंद्र दुर्बिणीतून पाहून चित्रे काढली, तीही अशीच उजेड कोठे आणि छाया कोठे याची नोंद होती; त्या छायांवरून त्याने चंद्रावर डोंगर आहेत हे ओळखले.

आता डोंगराचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. संकष्टीला आमच्या आयाबहिणी चंद्रोदयाची वेळ दिनदर्शिकेत पाहून ठेवतात. ती कधी साडेआठच्या सुमारास, तर कधी दहा वाजून गेल्यावर. पण छापलेली वेळ सपाट क्षितिजाची असते. ज्या वाडीच्या पूर्वेला डोंगर आहे, तेथे चंद्र अर्धा तासही उशिरा दिसेल. तेथल्या मुलाने आपल्याला दिसलेली वेळच लिहावी. छापील वेळ आणि आपली वेळ यांत फरक का पडला, हे त्याने शोधले, तर दृक्प्रत्यय या शब्दाचा अर्थ त्याला कोशात पाहावा लागणार नाही.

नोंदीचा एक नियम मात्र कडक असावा. ढग असले, झोप लागली, विसरले, तर तो चौकोन कोरा ठेवायचा. पंचांगात पाहून किंवा शेजाऱ्याच्या वहीतून तो भरायचा नाही. आमच्या भागात पावसाळ्यात अनेक चौकोन कोरे राहतील. म्हणून वही कोजागिरीनंतर सुरू करावी हे बरे. खोट्या नोंदीने काय होते, ते आम्ही हजेरीपटावर पुष्कळ पाहिले आहे. न आलेल्याची हजेरी लागते, जादा तास केलेल्याचे तास गळतात, आणि कामगाराजवळ आपली वही नसेल तर त्याच्या तोंडी सांगण्याला कोणी पुसत नाही. ज्या मुलाने कोरा चौकोन कोरा ठेवण्याचा प्रामाणिकपणा अंगी बाणवला, त्याच्या भरलेल्या चौकोनाला उद्या कोणालाही सहजासहजी खोटे म्हणता येणार नाही.

हे सारे आता जुने झाले, यंत्रे चंद्रावर पोहोचली, असेही कोणी म्हणेल. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील भागात उतरले. मुलांनी ते पडद्यावर पाहिले आणि टाळ्या वाजविल्या. त्या दिवशी निज श्रावण शुद्ध सप्तमी होती. हाच सुमार का निवडला? यान सूर्याच्या उजेडावर चालणारे, आणि चंद्रावरचा एक दिवस म्हणजे आपले सुमारे चौदा दिवस. उतरण्याच्या जागी नुकताच सूर्य उगवलेला असावा, म्हणजे कामाला पूर्ण दिवस मिळतो. चंद्रावर उजेडाची कड रोज कशी पुढे सरकते, हे ज्याने वहीत काढले आहे, त्याला हे उत्तर स्वतः काढता येईल. बाकीच्यांच्या हाती टाळ्याच राहतील.

दुर्गम वाडीतल्या कमी पटाच्या शाळेत प्रयोगशाळा नसते, दुर्बीण नसते. चंद्र मात्र तेथे शहरापेक्षा स्वच्छ दिसतो, आणि त्याला फी द्यावी लागत नाही. शिक्षकांनी एका वर्गापासून, एका महिन्यापासून आरंभ करावा. आईबापांनी मुलाला एवढेच विचारावे, ‘आज चंद्र कुठे दिसला रे?’ आणि मुलगा वही उघडून सांगू लागला, तर पंचांग बाजूला ठेवून त्याचे ऐकून घ्यावे.